जुलैत पाणी, फेब्रुवारीत गवत

पोस्टात ३२ वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. बाहेरच्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय, ते निवृत्तीनंतर कळलं आणि तेही एका बागेपायी.

बाग म्हणजे फार काही नाही. खाडीच्या कडेला वीसेक गुंठे जागा, भोवती चिऱ्याचा गडगा, आत पेव्हर ब्लॉकची वाट आणि मधोमध कारंजं. कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं, ते पहिलं आणि शेवटचं. ओपन जिमचं सामान खाऱ्या वाऱ्याने दीड वर्षात गंजून गेलं. लॉन पहिल्या उन्हाळ्यात जळलं आणि पुढच्या पावसात त्या जागी रान उठलं. बाग व्हायच्या आधीपासूनची तीन झाडं मात्र जागच्या जागी आहेत, एक दांडगी उंडी आणि दोन सुरंग्या. मार्चात सुरंगी फुलली की पहाटे कळ्या काढायला बायका येतात, तेवढे दिवस त्या बागेत माणसांची जाग असते.

शहराचं नाव सांगत नाही. दक्षिण कोकणातलं, किनाऱ्यावरचं, नगरपरिषद असलेलं, एवढं पुरे. घरपट्टी भरायला मला पुन्हा त्याच खिडकीवर जायचंय.

२०२३ चा जुलै. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी रोज सपाटीवर चालायला सांगितलं होतं. आमच्याकडे सपाटी कुठली? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की पाखाडी चढा, नाहीतर उतरा. राहता राहिली बाग. एका सकाळी पाऊस उघडला म्हणून गेले, तर वाटेच्या मधोमध फुरसं वेटोळं करून ऊन खात बसलेलं. दोन्ही बाजूंना गवत कमरेएवढं. फुरसं दिसायला एवढंसं, पण ज्यांनी ते चावलेलं माणूस पाहिलंय ते चप्पल हातात घेऊन मागच्या मागे फिरतात. मीही फिरले. घरी येऊन चहा ठेवला आणि अर्ज लिहायला बसले.

अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही, हे नोकरीत शिकलेलं. तीन आठवडे काही हललं नाही. मग चौकशीला गेले. आरोग्य विभाग म्हणाला, बाग बांधकामाकडे. बांधकाम विभाग म्हणाला, आम्ही बांधून दिली, साफसफाई आरोग्याकडे. दोघंही खोटं बोलत नव्हते. मोठ्या महापालिकांना उद्यान विभाग असतो, उद्यान अधीक्षक असतो. आमच्यासारख्या लहान नगरपरिषदेत बाग बांधणारा विभाग आहे, राखणारा नाही.

एका लिपिकाच्या आईचं आवर्ती ठेवीचं खातं माझ्याकडे होतं. त्या ओळखीवर त्याने मला खुर्ची दिली आणि समजावलं. "काकी, नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा आहे ना, त्यात दिवाबत्ती, सफाई, पाणी ही बंधनकारक कामं. बाग येते ऐच्छिकमध्ये. पैसे उरले तर." मी म्हटलं, उरतात का? तो हसला.

नंतर वाचलं, तर गंमत आणखीच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आणली, तिच्यात शहरांनी करायच्या कामांत उद्यानं, बागा, क्रीडांगणं स्पष्ट लिहिलेली आहेत. म्हणजे घटनेने यादीत घेतलं आणि जुन्या कायद्याने उरल्यासुरल्या पैशावर सोडलं. शिवाय त्या सुमाराला सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसलेला. एरवी नगरसेवकाला रस्त्यात अडवून चार शब्द सुनावता आले असते, तीही सोय नव्हती.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांची मुदत, कागद मिळाले तर पानाला दोन रुपये. प्रश्न मुद्दाम साधे ठेवले. बागेच्या देखभालीचं काम कोणाकडे, करारात काय काय, गेल्या वर्षीची देयकं दाखवा. "का" असं एकदाही विचारलं नाही. "का" विचारलं की "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. कागद मागितला की कागद येतो. अठ्ठाविसाव्या दिवशी पत्र आलं, ८२ रुपये भरले आणि ४१ पानं घरी आणली.

मला वाटलेलं, घोटाळा सापडेल. संध्याकाळभर चष्मा लावून पानं उलटली आणि सापडलं ते भलतंच. करारात लिहिलेलं: दररोज पाणी देणे. महिन्यातून दोनदा गवत कापणे. बारा महिने, एकाच दराने. त्याप्रमाणे जुलैत पाणी दिल्याचं देयक होतं आणि फेब्रुवारीत गवत कापल्याचंही. मोजमाप पुस्तिकेत नोंद, खाली सह्या, सगळं नियमात.

आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्या चार महिन्यांत गवत दोन कापण्यांत आटोपत नाही, आठवड्याला हात लावावा लागतो. पाऊस गेला की जांभ्यात पाणी टिकत नाही. शिमग्यापर्यंत माती विटेसारखी होते आणि गवत आपोआपच मरतं, कापायला उरतच नाही. ज्याने हे अंदाजपत्रक केलं त्याने ते दुसऱ्या कुठल्यातरी शहराच्या कागदावरून उतरवलं असणार, जिथे पाऊस बेताचा आणि नळाला पाणी बारमाही. चोरी नव्हती ती. नक्कल होती. मला विचाराल तर चोरीपेक्षा ते वाईट, कारण चोर पकडता येतो.

दुसरी गोष्ट तारखांवरून कळली. करार १ एप्रिल ते ३१ मार्च. जुना संपायचा, नव्याची मंजुरी, दरपत्रकं, कार्यादेश ह्यात मे सरायचा. म्हणजे दरवर्षी ज्या दोन महिन्यांत रोपाला पाणी नाही मिळालं तर ते मेलंच, नेमक्या त्याच दोन महिन्यांत बागेला कंत्राटदार नाही. जूनमध्ये रोपं लावायची, फोटो काढायचा, एप्रिलात ती वाळायची, जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा लावायची. खड्डे तरी आयते, असं आमचे हे म्हणतात.

कंत्राटदाराचा माणूस एकच. साठीचा, गावचाच. सगळे त्याला आबा म्हणतात. मी कागद घेऊन त्याच्याकडे गेले, जुलैचं देयक वाचून दाखवलं. तो विडी विझवून म्हणाला, "बाईनू, जुलयात पाणी कोणाक घालतलंय? खाडयेक?"

गवताबद्दल विचारलं तर म्हणाला, "माणूस एक नि बाग ईस गुंठे. त्या टोकाक जाईसर ह्या टोकाक परत कमरेक लागता."

कटर मशीन होती, पण पेट्रोल त्याने आधी घालायचं आणि पैसे मागून मिळायचे. पगारही दोन-दोन महिने मागे. मी तक्रार ज्याच्याविरुद्ध केली होती तो हा माणूस, असं तोवर मी समजत होते. जरा ओशाळले.

पुढचे तीन-चार रविवार आम्ही दोघं उंडीच्या पारावर बसलो. तो सांगायचा, मी भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायचे. आबाचं वर्ष नक्षत्रांचं. रोहिणी संपायच्या आत सुक्या फांद्या उतरवायच्या, वाटेवरच्या माडांचे नारळ आणि झावळं काढायची, गटार मोकळं करायचं. मिरग लागला की रोपं, पण पहिल्या पावसात नाही, माती आत ओली होऊ द्यायची. आर्द्रा-पुनर्वसूत जमीन लोण्यासारखी असते, तेव्हा मधल्या गवतात शिरायचंच नाही, पाय रुततात आणि माती दबते. वाटेच्या दोन्ही कडांना तीन-तीन हात तेवढं कापत राहायचं, म्हणजे फुरसं असलं तरी दिसतं. मधे तेरडा उगवतो तो फुलू द्यायचा. हे त्याने सांगितलं, मला सुचलं नसतं. आख्ख्या बागेची बेणणी गणपतीच्या आधी एकदा आणि हस्त संपता संपता एकदा, गवत पिवळं पडायच्या आधी. तेव्हा कापलेलं गवत गुरांवाले उचलून नेतात. उशीर झाला की तेच गवत वाळतं आणि एखाद्याने विडीचं थोटूक टाकलं की गडग्यापर्यंत काळं. पुढे पाणी. दररोज नाही, लॉन नसेल तर दररोज कशाला हवं? लहान रोपांना एका दिवसाआड, बुंध्याशी पातेऱ्याचा, म्हणजे गळलेल्या पाल्याचा, जाड थर, आणि तीन पावसाळे निघाले की रोप आपल्या पायावर उभं.

नक्षत्रांचे महिने करून मी दोन पानी तक्ता केला. रकान्यांत: महिना, काम, किती वेळा, किती माणसं. बेरीज केली तर वर्षाचे मजुरीचे दिवस करारात होते तेवढेच भरले. फक्त जागा बदलल्या होत्या.

नगरपरिषदेतला अभियंता घाटावरचा, वयाने माझ्या मुलाएवढा. मी पोस्टात होते हे कळल्यावर त्याने कागद नीट वाचला, हे मला आवडलं. खर्च वाढत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. अडचण त्याने वेगळीच सांगितली. "मॅडम, बाग बांधायला पैसे मिळतात. जिल्हा नियोजनमधून मिळतात, विशेष अनुदानातून मिळतात. नवी बाग मागा, वर्षात आणतो. पण जी आहे ती झाडायला कोणी पैसे देत नाही. ते आमच्या घरपट्टीतूनच."

मी पर्समधून घरपट्टीची पावती काढली. तिच्यावर वृक्ष कराची ओळ असते. माझ्या नावावर वर्षाला २७ रुपये. १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, त्याखाली हा कर घेतात. म्हटलं, हे माझे २७ कुठल्या झाडाला गेले तेवढं दाखवा. तो हसला, पण लेखापालाला बोलावून त्याने शिल्लक काढायला लावली. थोडी होती. फार नाही, पण दुसरा माणूस चार महिने लावण्यापुरती.

तक्ता अंदाजपत्रकात जायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, साहेब रजेवर, साहेब निवडणुकीच्या कामाला, टंकलेखनात "आर्द्रा" आलं म्हणून तिसरी प्रत. नक्षत्रं मी काढून टाकली होती, तरी ती कुठून शिरली कोण जाणे. कराराच्या तारखा बदलायला लेखापाल आधी तयार नव्हता, त्याचं वर्ष मार्चला संपतं. शेवटी जुन्या करारालाच सप्टेंबरअखेर मुदतवाढ दिली आणि नवा १ ऑक्टोबरपासून धरला. ऑक्टोबरात कंत्राटदार महिनाभर नसला तरी काही मरत नाही.

मधेच, २०२४ च्या जानेवारीत, उंडीचं प्रकरण निघालं.

सकाळी चालायला गेले तर बुंध्यावर नोटीस, आणि तीही खिळा ठोकून. झाड धोकादायक असल्याने व मुळांमुळे पादचारी मार्ग उखडल्याने तोडण्याबाबत एका नागरिकाचा अर्ज आला आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. मार्ग म्हणजे ते पेव्हर ब्लॉक. उंडी तिथे आधी होती, ब्लॉक मागाहून येऊन तिच्या मुळांवर बसले, आणि उखडल्याचा दोष तिच्यावर.

उंडी आमच्या किनाऱ्याचं झाड. खारा वारा, खारी माती, काही लागत नाही तिला. पूर्वी उंडीच्या बियांचं तेल दिव्याला वापरायचे, होड्यांच्या लाकडालाही चोळायचे. आबाला नोटीस वाचून दाखवली तेव्हा तो नुसता वर बघत राहिला. मग म्हणाला, "तौक्त्यात गुलमोर पडले, माड मोडले. ह्येचो एक फांदो गेलो, बस." २०२१ च्या मे महिन्यातल्या त्या वादळानंतर बागेतल्या शोभेच्या झाडांतलं एकही उभं नव्हतं, हे मलाही आठवत होतं.

वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आहे. पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष मानलं जातं, आणि झाड तोडायची परवानगी दिली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे सगळं वयावर आलं. झाडाचा जन्मदाखला आणायचा कुठून? घेर मोजून अंदाज बांधतात, पण अंदाजावर वाद घालता येतो. मला फोटोवर भरवसा.

माळ्यावरच्या ट्रंकेत सासऱ्यांच्या लग्नाचा फोटो होता. १९६१ चा, मागे शाईने तारीख घातलेली. वरात होडीने आली होती. खाडीकाठी उतरलेली माणसं, सासूबाई नऊवारीत मान खाली घालून, आणि सगळ्यांच्या मागे उंडी, तेव्हाच दोन मजली घराएवढी. फोटोची प्रत हरकतीला जोडली. खाली लिहिलं, झाडाचं वय कमीत कमी ६३ आणि फोटोतला आकार पाहता बरंच जास्त.

स्थळपाहणीला वृक्ष अधिकारी, अभियंता, तो ओळखीचा लिपिक आणि टेप घेतलेला एक मुलगा, एवढे आले. मुलगा बुंध्याला टेप घालायला लागला तर ती पुरेना, दोनदा जोडून घ्यावी लागली. लिपिकाने फोटो उन्हात धरून झाडाशी ताडून पाहिला आणि हिशेब केला. "साहेब, ६३ तरी धरावी लागतील. एवढी झाडं लावायची कुठे?" आणि मग माझ्याकडे न बघता, "नि मार्चात पाणी कोण घालणार?"

मी काही बोलले नाही. बोलायचं होतं ते तोच बोलला होता.

झाड राहिलं. वादळात चिरलेला एक फांदा उतरवला आणि बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून माती मोकळी केली. तो खिळाही आबाने पक्कडीने उपटला.

पातेऱ्यावरून मात्र आबाचं नि माझं वाजलं. थंडीत पडलेला पाला गोळा करून सकाळी पेटवायचा, ही त्याची जन्माची सवय. धूर थेट समोरच्या दवाखान्यात. २०१६ च्या घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदी होती आणि बागेतला पाला होता होईल तो बागेतच जिरवावा असंही सांगितलं होतं. हे मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, उंडीचं पान चामड्यासारखं, ते कुजेपर्यंत मी म्हातारा होईन. त्याचं खरं होतं. पहिल्या खड्ड्यात नुसती उंडीची पानं घातली, ती सहा महिन्यांनी तशीच्या तशी निघाली. मग ओलं गवत, शेण आणि पाला असे थर घातले, तेव्हा कुठे मातीसारखं काही हाताला लागलं. आता कोपऱ्यात चिरे लावून केलेले तीन खड्डे आहेत. आबा अजून मधून मधून पेटवतो, माझी चालायची वेळ टाळून.

कारंजं उडत नाही ते नाहीच. पण त्याच्या टाकीत टँकरचं पाणी साठवायची कल्पना अभियंत्याची. त्यावर आरोग्यवाल्यांनी लगेच हरकत घेतली, साठलं पाणी म्हणजे डेंग्यू. मग वर जाळी आणि आत गप्पी मासे. ह्या एप्रिलात आबा त्या टाकीतून डबे भरून रोपांना घालत होता आणि शाळेची मुलं मासे बघायला गडग्यावर चढलेली. त्या कारंज्याकडे एवढी माणसं उद्घाटनानंतर पहिल्यांदाच जमली असतील.

उंडीची फळं वटवाघळं रात्री खातात आणि बिया कुठेही टाकतात. गेल्या पावसात आमच्या मागच्या पडवीशी सात-आठ उगवलेल्या दिसल्या, काही आबाने बागेतून आणून दिल्या. दुधाच्या पिशव्यांत माती भरून लावल्या, तिसाच्या वर झाल्या. मे महिन्यात लिपिकाचा फोन आला. पाच जूनला माझी वसुंधरा अभियानाची लागवड आहे, स्थानिक झाडांची रोपं हवी आहेत, काकींकडे आहेत असं कळलं. म्हटलं, न्या की, उद्या गाडी पाठव.

"तशी नेता येत नाहीत काकी. तुम्ही देणगी देताय असा अर्ज लागेल. दोन प्रतींत. साठा नोंदवहीत घ्यायला."

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले. रोपांची संख्या अंकी आणि अक्षरी लिहिली होती, खाली एक ओळ जास्तीची: ही रोपं तक्त्यातल्या मार्च ते मेच्या पाण्यात धरावीत. खिडकीवरच्या नव्या मुलीने वरवर चाळून शिक्का मारला आणि एक प्रत परत दिली. आवक क्रमांक पुसट उठला होता, म्हणून पुन्हा मारायला लावला.